सप्ताहाच्या कॅसेटी, आजीच्या ओव्या: टेपवरचा आवाज कॉम्प्युटरवर कसा घ्यावा

कॅसेटींची पेटी माळ्यावरून खाली काढली की आधी दोन ढीग करा. एका ढिगात विकत आणलेल्या कॅसेटी: भीमसेन जोशींचे अभंग, किशोरी आमोणकरांचा भूप, प्रल्हाद शिंद्यांची भक्तिगीतं. दुसऱ्या ढिगात घरी किंवा गावात भरलेल्या: सप्ताहातलं काल्याचं कीर्तन, जागरण-गोंधळ, लग्नातली गाणी, जात्यावरच्या ओव्या, परभणी किंवा औरंगाबाद आकाशवाणीवरून उतरवलेलं एखादं गाणं. पहिला ढीग बाजूला सारा. त्या गाण्यांच्या मूळ टेप कंपन्यांकडे आहेत आणि आज मोबाइलवर जे ऐकू येतं ते तुमच्या कॅसेटपेक्षा स्वच्छ असतं. दुसऱ्या ढिगातल्या प्रत्येक कॅसेटची जगात एकच प्रत आहे, ती तुमच्या हातात. वेळ तिथे घालवा.

एक अपवाद. छोट्या स्थानिक कंपन्यांनी काढलेल्या भीमगीतांच्या, भारुडांच्या, पोवाड्यांच्या छापील कॅसेटी पुष्कळदा पुन्हा कधीच निघाल्या नाहीत. नाव टाकून शोधा. कुठेच सापडलं नाही तर ती कॅसेटही दुसऱ्या ढिगात टाका.

ओव्यांच्या कॅसेटीत काय एवढं, असं घरात कोणी म्हणालं तर त्यांना ‘पारी’च्या (पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया) संकेतस्थळावर माजलगावच्या भीमनगरमधल्या बायकांच्या ओव्या ऐकवा. १९९६ साली भरलेल्या त्या ओव्या हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी उभ्या केलेल्या संग्रहातल्या आहेत. त्या संग्रहात लाखावर ओव्या आहेत. ओवीसोबत गाणारणीचं नाव आणि गाव नोंदवलेलं आहे, ते नीट पाहून ठेवा. पुढे आपल्यालाही तेच करायचं आहे.

मशीन

कॅसेट थेट पेन ड्राइव्हवर भरून देणारी, वॉकमनसारखी स्वस्त यंत्रं ऑनलाइन मिळतात. ती घेऊ नका. त्यांची मोटर हलकी असते, त्यामुळे हार्मोनियमचा लांब सूर लाटेसारखा हलतो. तो दोष नंतर सॉफ्टवेअरने नीट जात नाही. त्यापेक्षा जुना डेक शोधा, ज्याला मागे ‘लाइन आउट’ची दोन गोल भोकं आहेत. शहरात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीच्या जुन्या दुकानांत असे डेक अजून पडलेले असतात. घेताना आतले रबरी पट्टे बदलून मागा. पट्टा सैल पडला की वेग डोलतो, आणि बंद पडून राहिलेल्या मशीनमध्ये तो हमखास सैल किंवा चिकट झालेला असतो. तपासायला ढोलकीचं गाणं लावू नका, तालात डोलणं लपतं. तानपुरा किंवा पेटीचा एकच सूर धरलेली कॅसेट लावा.

डेक मिळालाच नाही आणि घरात टू-इन-वन असेल तर इअरफोनच्या जॅकमधून आवाज घेता येतो. व्हॉल्यूम पाव ते अर्ध्याच्या दरम्यान ठेवा, बास-ट्रेबलचे खटके मधोमध. काम भागतं, पण हे दुय्यमच.

प्रत्येक चार-पाच कॅसेटींनंतर मशीन पुसा. त्यासाठी ९९ टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल लागतं. औषधाच्या दुकानातलं साधं स्पिरिट नको, त्यात पाणी असतं. कान साफ करायची कापसाची काडी ओली करून हेड (टेपवरचा आवाज वाचणारा भाग), त्याच्या शेजारची चकचकीत फिरती दांडी आणि तिला टेकणारं रबरी चाक पुसा. काडीवर तपकिरी रंग उतरायचा थांबेपर्यंत पुसत राहा. चाकावर अल्कोहोल भरपूर ओतू नका, रबर कडक होतं. चाकावर मळ राहिला की टेप एका बाजूला सरकते आणि मशीनमध्ये गुंडाळली जाते. कॅसेट ‘खाणारी’ मशीनं बहुतेक वेळा नुसती मळलेली असतात.

कॅसेटची तब्येत

मराठवाड्यात कॅसेटींना दोन शत्रू. पत्र्याखाली तापलेली मे महिन्यातली पेटी, आणि त्यानंतर पावसाळ्यातला दमटपणा. माळवदाचं घर असेल तर तिसरा: वरून सतत झरणारी बारीक माती. म्हणून लावण्याआधी प्रत्येक कॅसेट उजेडात धरून खिडकीतून आत पाहा.

टेपच्या कडेवर पांढरी भुकटी किंवा जाळी दिसली तर ती बुरशी आहे. तशी कॅसेट चांगल्या डेकमध्ये घालू नका, कारण मशीनमधून ती पुढच्या कॅसेटीला लागते. झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसोबत आठवडाभर ठेवून सुकू द्या. मग घराबाहेर, नाकाला रुमाल बांधून, मऊ कोरड्या ब्रशने कडा झाडा आणि एखाद्या टाकाऊ मशीनवर एकदा पूर्ण पुढे-मागे फिरवा.

बुरशी नसली तरीही प्रत्येक कॅसेट वाजवण्याआधी एकदा शेवटपर्यंत पुढे आणि पुन्हा मागे न्या. वर्षानुवर्षं एका जागी पडलेल्या टेपचे थर एकमेकांना चिकटतात, आणि एका थराचा आवाज शेजारच्या थरावर पुसट उमटतो. गाणं सुरू व्हायच्या क्षणभर आधी त्याच सुराचा भुतासारखा प्रतिध्वनी ऐकू येतो तो यामुळे. उष्णतेने तो वाढतो, पातळ टेपवर जास्त वाढतो. सी-६० ची, म्हणजे दोन्ही बाजू मिळून साठ मिनिटांच्या कॅसेटीची, टेप साधारण १८ मायक्रॉन जाड असते, सी-९० ची १२, सी-१२० ची जेमतेम ९. जागरणाचा जास्तीत जास्त भाग एकाच कॅसेटीत मावावा म्हणून लोक सी-१२० घेत, आणि तीच आज सर्वांत आधी ताणली जाते. ती फास्ट फॉरवर्ड न करता साध्या वेगाने वाजवत शेवटाला न्या. मशीन अडखळत असेल तर हाताने: षटकोनी पेन्सिल चाकाच्या दात्यांत बरोबर बसते.

सर्वांत जास्त आढळणारा बिघाड मात्र टेपचा नसतोच. आवाज घोंगडीखालून आल्यासारखा येतो, मधेच जातो, मधेच उजळतो. अशा वेळी कॅसेटच्या तोंडाशी, मधोमध, टेपच्या मागे पाहा. तिथे तांबूस पातळ पट्टीवर हरभऱ्याच्या डाळीएवढा फेल्टचा तुकडा चिकटवलेला असतो. तो टेपला हेडवर दाबून धरतो. उन्हाळ्यात त्याचा डिंक वाळतो आणि तुकडा गळून आत पडतो. कॅसेट हलवली की खुळखुळ वाजते ती त्याचीच.

दुरुस्ती अशी. कॅसेट टेबलावर स्क्रूची बाजू वर करून आडवी ठेवा. पाचही स्क्रू काढा. वरचा अर्धा भाग सरळ वर उचला, तिरका नको, नाहीतर रिळं उसळून टेपचा गुंता होतो. गळलेला तुकडा शोधत बसू नका. टाकाऊ कॅसेटीतून तशीच तांबूस पट्टी फेल्टसकट काढून त्याच खाचेत बसवा. झाकण लावण्याआधी टेप दोन्ही कोपऱ्यांतल्या छोट्या चाकांवरून गेली आहे ना, पट्टीच्या पुढून गेली आहे ना, हे पाहा. स्क्रू आवळताना पाचही आधी सैल बसवून मग थोडेथोडे आवळा. एकच कचकचून आवळला तर कॅसेट वाकते आणि फिरताना कुरकुरते. पट्टी शाबूत असून फक्त फेल्ट चिकटवायचा असेल तर टाचणीच्या डोक्याएवढा साधा रबर-डिंक पुरे, आणि रात्रभर वाळू द्या. फेविक्विक वापरू नका. ते फेल्टमध्ये झिरपून दगडासारखं होतं आणि टेप खरवडत राहतं.

स्क्रू नसलेल्या, डिंकाने बंद केलेल्या कॅसेटी पातळ पात्याने सांध्यावर हळूच उघडाव्या लागतात. त्यातली रिळं मग स्क्रूच्या रिकाम्या कॅसेटीत बसवा.

तुटलेली टेप जोडताना दोन्ही टोकं एकावर एक ठेवून तिरकी कापा, म्हणजे ती एकमेकांना बरोबर भिडतात. मग एकावर एक न चढवता टोकाला टोक लावा आणि मागच्या बाजूने, म्हणजे रिळांकडे तोंड असलेल्या बाजूने, स्प्लायसिंग टेप चिकटवा. साधी सेलोटेप लावली तर तिचा चिकटपणा उन्हाळ्यात बाहेर येतो आणि पुढचा थरही धरून ठेवतो.

टाळ ऐकून हेड लावणं

बहुतेक जण ही पायरी वगळतात, आणि आवाजात सर्वांत मोठा फरक हिच्यानेच पडतो. कॅसेट सेकंदाला ४.७६ सेंटिमीटर वेगाने धावते. म्हणजे १०,००० हर्ट्झच्या झणझणाटाची एक लाट टेपवर ४.७६ मायक्रॉनमध्ये बसते. ज्या टेपरेकॉर्डरवर कीर्तन भरलं त्याचं हेड किंचित तिरकं असेल आणि तुमचं सरळ, तर ह्या बारीक लाटा एकमेकींना खाऊन टाकतात. आवाज बोथट होतो आणि आपण टेपला दोष देतो.

हेडच्या एका बाजूला स्प्रिंग असलेला छोटा स्क्रू असतो, त्यावर पुष्कळदा रंगाचा ठिपका असतो. आधी त्याची मूळ जागा मार्करने खूण करून ठेवा. चुंबक नसलेला स्क्रूड्रायव्हर घ्या. कॅसेट सुरू करा, हेडफोन लावा, जमल्यास डावा-उजवा आवाज एकत्र करून मोनोत ऐका. टाळांचा भाग निवडा. गोंधळ असेल तर तुणतुण्याची तार, नुसत्या ओव्या असतील तर ‘स’ आणि ‘श’. स्क्रू एकाष्टमांश फेऱ्याहून जास्त न फिरवता हळूहळू हलवा. टाळ आधी मंद, मग लख्ख, मग पुन्हा मंद होतो. लख्ख जागी थांबा. दुसरी बाजू लावली की पुन्हा करा, कारण कॅसेट उलटली की तिरपेपणाही उलटतो. विकत घेतलेल्या कॅसेटी वाजवायच्या वेळी स्क्रू मूळ खुणेवर आणा.

डेकवरचं डॉल्बीचं, म्हणजे टेपची सुरसुर कमी करणारं, बटण बंद ठेवा. गावातल्या टेपरेकॉर्डरवर डॉल्बी नसे, आणि डॉल्बीविना भरलेली टेप डॉल्बीने वाजवली तर वरचे सूर मरतात.

कॉम्प्युटरला जोडणं

लॅपटॉपला एकच गोल भोक असतं, ते हेडसेटसाठी. त्यातून आत जाणारा आवाज माइकच्या पातळीचा आणि मोनो असतो. डेकची वायर तिथे खुपसली तर आवाज फाटतो. म्हणून मध्ये यूएसबी साउंड इंटरफेस हवा. बेहरिंगरचा यूसीए-२०२ छोटा आणि पुरेसा आहे, पण तो १६ बिटचा. २४ बिटचा जमत असेल तर तो घ्या, कारण मग पातळी खाली ठेवून निवांत भरता येतं.

सॉफ्टवेअर म्हणून ऑडॅसिटी फुकट मिळतं. स्टिरिओ, ४८,००० हर्ट्झ, निर्यात २४ बिट डब्ल्यूएव्ही (WAV) फाइल. जुनं रेकॉर्डिंग मोनो असलं तरी स्टिरिओच भरा. टेपची एक कड खराब असेल तर नंतर चांगली बाजू निवडता येते. विंडोजच्या आवाजाच्या सेटिंगमध्ये ‘ऑडिओ एनहान्समेंट्स’ बंद करा. ते चालू राहिलं तर कॉम्प्युटर तानपुऱ्याला गोंगाट समजून दाबत बसतो.

पातळी ठरवायला कॅसेटमधला सर्वांत मोठा आवाज शोधा. कीर्तनात तो गजराचा, गोंधळात संबळाचा. त्या जागी मीटरचा काटा उणे १२ ते उणे ६ डेसिबलच्या मध्ये आला पाहिजे. शून्याला टेकला की तिथला आवाज कायमचा चिरला. एकदा ठरवलं की बाजू संपेपर्यंत हात लावू नका. गजरानंतर बुवांचा आवाज दबलेला आणि मग हळूहळू वर येणारा वाटेल. तो तुमचा दोष नाही, जुन्या टेपरेकॉर्डरची आपोआप पातळी धरणारी यंत्रणा तसंच करायची.

‘हूं’ असा गुंजारव आला तर लॅपटॉपचा चार्जर काढून बॅटरीवर चालवा, बहुतेक वेळा जातो. लाइट जाते म्हणून डेक इन्व्हर्टरवर टाकण्याआधी तो इन्व्हर्टर स्क्वेअर वेव्हचा नाही ना, हे पाहा. तसला असेल तर आवाजात भुणभुण भरते. लाइट असण्याची वेळ पाहूनच बसलेलं बरं.

साठ मिनिटांच्या कॅसेटची अशी फाइल साधारण १.०४ जीबी होते. एफएलएसी (FLAC) ह्या फाइल-प्रकारात ती साधारण निम्म्यावर येते आणि आवाजात काहीही कमी होत नाही. एमपीथ्री फक्त नातेवाइकांना पाठवायला.

बुवा चिरक्या आवाजात का गातात

लोडशेडिंगच्या रात्री गावात टेपरेकॉर्डर सेलवर चालायचा. सेल उतरत गेले की भरताना टेप मंद धावायची, आणि आज योग्य वेगाने वाजवली की शेवटी शेवटी सगळे बारीक, घाईच्या आवाजात गातात. सुरुवात ठीक आणि शेवट चढलेला असेल तर कारण हेच.

दुरुस्तीला आधार लागतो. पेटी असेल तर सोपं. बुवा काळी एकमध्ये, म्हणजे सी शार्पमध्ये गातात हे माहीत असेल आणि ट्यूनरवर सूर पांढरी दोन, म्हणजे डी दाखवत असेल, तर टेप एका स्वरस्थानाने, सुमारे ६ टक्के जलद आहे. ऑडॅसिटीत ‘चेंज स्पीड अँड पिच’ (जुन्या आवृत्तीत ‘चेंज स्पीड’) वापरा, नुसतं ‘चेंज पिच’ नाही, कारण वेग आणि सूर दोन्ही एकत्रच बदलले होते. जुन्या पेट्या नेमक्या लावलेल्या नसत, तेव्हा चौथाई स्वराचा फरक राहिला तर सोडून द्या. कॅसेट विजेवर भरलेली असेल तर तिच्यातच एक मोजपट्टी लपलेली असते: मंद गुंजारव. ‘प्लॉट स्पेक्ट्रम’मध्ये आकार ६५५३६ ठेवून शांत जागा तपासा. शिखर ५० ऐवजी ५३ हर्ट्झवर दिसलं तर टेप ६ टक्के जलद. मात्र १९९० च्या दशकात ग्रीडची वारंवारता सारखी खालीवर व्हायची, म्हणून दोन-तीन टक्क्यांची चूक गृहीत धरा आणि शेवटचा निर्णय कानावर सोडा.

सुरसुर किती काढायची

थोडीच. मूळ फाइलवर तर अजिबात नाही, प्रत काढून तिच्यावर प्रयोग करा. ‘नॉइज रिडक्शन’ ६ डेसिबलच्या आसपास ठेवा. १२ च्या पुढे गेलात की टाळांची झणक पाण्याखालून आल्यासारखी होते आणि तानपुऱ्याच्या तारेचा झंकार, म्हणजे जवारीच नाहीशी होते, कारण यंत्राला ती आणि सुरसुर सारखीच दिसते. नमुना घेताना फक्त टेपची सुरसुर असलेले दोन सेकंद निवडा, त्यात माणसांची कुजबुज नको. आकाशवाणीच्या मीडियम वेव्हवरून उतरवलेल्या गाण्यात वरचे सूर मुळातच आलेले नसतात. तिथे ट्रेबल वाढवून फक्त सुरसुर वाढते.

ओव्यांच्या कॅसेटीत मागे जात्याची घरघर असते, कोंबडा असतो, कोणीतरी हाक मारतं. ते राहू द्या.

नाव आणि साक्ष

फाइलीला ‘साइड अ नवीन फायनल २’ असं नाव दिलं की काम वाया गेलं. वर्ष, गाव, प्रकार, गाणारा, कॅसेटचा क्रमांक, बाजू ह्या क्रमाने लिहा: ‘१९९१_गंगाखेड_भारूड_नाव_०७_अ’. वर्ष नक्की नसेल तर ‘१९९०-९५’. कॅसेटच्या पुठ्ठ्यावर जे लिहिलंय त्याचा फोटो दोन्ही बाजूंनी काढा, शाई उडते आहे. लांब फाइलीचे तुकडे करू नका. ऑडॅसिटीत वाजत असताना जागोजागी लेबल टाकत जा, आणि हवे ते तुकडे प्रतीतून वेगळे काढा.

नावं मात्र कॅसेटवर सापडत नाहीत, ती माणसांकडे असतात. भावकीतल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला बसवून ऐकवा आणि समोर मोबाइल रेकॉर्डिंगवर ठेवा. ‘ही कोण गातीय?’ एवढं विचारून गप्प बसा. मृदंग कोणाचा, टाळकरी कोण, ओवीतला भाऊ कोणत्या गावचा, हे सगळं आपोआप येतं. तो मोबाइलवरचा आवाज त्या कॅसेटच्याच फोल्डरमध्ये ठेवा.

यूट्यूबवर टाकायचं असेल तर गाणाऱ्यांना, ते नसतील तर त्यांच्या घरच्यांना विचारा. प्रसिद्ध झालेल्या ध्वनिमुद्रणावर कंपनीचा हक्क पुढच्या वर्षापासून ६० वर्षं राहतो, गाणाऱ्याचा सादरीकरणावरचा हक्क ५० वर्षं. कायद्याआधीची गोष्ट ही की कोणाच्या आजीच्या ओव्या विचारल्याशिवाय जगापुढे मांडू नयेत.

तबकड्या निघाल्या तर

पेटीच्या तळाशी कधी ७८ च्या, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणाऱ्या, लाखेच्या तबकड्या निघतात. त्यांना अल्कोहोल लावू नका, लाख विरघळते. डिस्टिल्ड वॉटरने हलकं ओलं केलेलं मऊ कापड गोल फिरवून पुसा, मधला कागद भिजू देऊ नका, लगेच कोरडं करा. एलपीच्या बारीक सुईने त्या वाजवू नका. ७८ ला सुमारे ३ मिल (मिल म्हणजे इंचाचा हजारावा भाग) टोकाची सुई लागते, एलपीची ०.७ मिलची सुई खाचेच्या तळाशी घसरून फक्त खरखर उचलते. ७८ चा वेग आणि वेगळी सुई असलेला टर्नटेबल नसेल तर ज्याच्याकडे आहे त्याच्याकडे न्या, तबकड्या उभ्या धरून, गोधडीत गुंडाळून.

काम झाल्यावर

तीन प्रती करा: एक कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कवर, एक वेगळ्या हार्ड डिस्कवर दुसऱ्या गावी राहणाऱ्या भावाकडे, एक क्लाउडवर. गुगलच्या फुकट १५ जीबीत एफएलएसी केलेल्या पंचविसेक कॅसेटी बसतात. पेन ड्राइव्ह ही प्रत धरू नका. वर्षातून एकदा, पोळ्याला म्हणा, दोन-चार फाइली उघडून वाजवून पाहा.

कॅसेटी फेकू नका. उद्या यापेक्षा चांगलं मशीन हाती लागलं तर पुन्हा भरता येतील. पूर्ण एका बाजूला गुंडाळून, डब्यात उभ्या, स्पीकरच्या चुंबकापासून दूर ठेवा. पत्र्याखाली नको. घरातल्या सर्वांत थंड खोलीत, ज्वारीच्या कणगीशेजारची जागा बरी, पण उंदरांपासून झाकून.